विकला गेलेला अंबर आणि न विकता बांधलेली माणसे

दरवर्षी १४ एप्रिलला छत्रपती संभाजीनगरात, म्हणजे कालपरवापर्यंतच्या औरंगाबादेत, भडकल गेटजवळील बाबासाहेबांच्या पुतळ्यापुढे निळा सागर उसळतो. आमच्या नांदगाव-मनमाड भागातून त्या शहरात नोकरीला, शिक्षणाला गेलेली मुलेही त्या गर्दीत असतात. परंतु ज्या दरवाजाच्या नावाने ती जागा ओळखली जाते, तो दरवाजा बांधला कोणी, असे विचारले तर उत्तर देणारे फार थोडे निघतात. तो दरवाजा १६१२ साली मलिक अंबरने बांधला. मोगलांवर मिळविलेल्या विजयाची ती खूण होय. हा मलिक अंबर कोणा राजाचा पुत्र नव्हता की सरदाराचा वारस नव्हता. तो आफ्रिकेतून आणलेला, बाजारात मोल करून विकलेला काळा गुलाम होता.

या शहराच्या नावावरून गेली कित्येक वर्षे रान पेटविले गेले. एका बाजूने एक नाव, दुसऱ्या बाजूने दुसरे नाव! २०२३ मध्ये सरकारने नाव बदलले. परंतु ज्याने खडकी नावाच्या लहानशा गावठाणावर हे शहर वसविले, त्याचे नाव या गदारोळात कोणी घेतले नाही. त्याला जात नव्हती, मतपेढी नव्हती, त्याचे वंशज मोर्चा काढणारे नव्हते. इतिहासात माणसाला जागा मिळते ती त्याच्या कर्तृत्वाने मिळते, असे आम्हाला शाळेत शिकविले गेले. प्रत्यक्षात ती कशाने मिळते, हे मलिक अंबरच्या उदाहरणावरून वाचकांनी ओळखावे.

आम्ही पेशाने वकील. म्हणून या माणसाच्या आयुष्याकडे आम्ही थोड्या निराळ्या नजरेने पाहतो. माणूस मालमत्ता कसा होतो, मालमत्तेचा पुन्हा माणूस कसा होतो, आणि ज्यांना कोणी कधी विकत घेतलेच नाही ती माणसे मात्र हजारो वर्षे बांधलेली कशी राहतात, हा आमच्या दृष्टीने खरा प्रश्न आहे.

मलिक अंबरचा जन्म साधारणपणे १५४८ च्या सुमारास इथिओपियात झाला. त्या देशाला तेव्हा हबशाण म्हणत. त्यावरूनच तेथील लोकांना आपल्याकडे हबशी हे नाव पडले. डच व्यापारी पीटर व्हान डेन ब्रूक याने १६१७ मध्ये अंबरची समक्ष भेट घेतली होती. त्याने नोंदविल्याप्रमाणे या मुलाचे मूळ नाव चापू होते आणि तांबड्या समुद्रावरील मोखा बंदरात तो ८० गिल्डरांना विकला गेला. पुढे बगदादच्या मीर कासिम नावाच्या व्यापाऱ्याने त्याला विकत घेतले. या मालकाने मुलाची हुशारी ओळखली, त्याला लिहायला-वाचायला शिकविले, इस्लामची दीक्षा दिली आणि अंबर हे नाव ठेवले.

अंबर म्हणजे एक मौल्यवान सुगंधी द्रव्य. गुलामांना रत्नांची, अत्तरांची, कापराची नावे देण्याची त्या काळी रीतच होती. कोणी याकूत, कोणी काफूर, कोणी अंबर. आईबापांनी ठेवलेले नाव पुसायचे आणि दुकानातल्या मालाचे नाव चिकटवायचे! आमच्या आज्या-पणज्यांना धोंडी, दगडी, कचराबाई अशी नावे कोणत्या व्यवस्थेने ठेवायला लावली, याची येथे आठवण होते. तिकडे मालकाने निदान महागड्या वस्तूचे नाव दिले. इकडे तेवढेही औदार्य नव्हते.

मीर कासिमने अंबरला दख्खनमध्ये आणून अहमदनगरच्या निजामशाहीचा पेशवा चंगेजखान याला विकले. हा चंगेजखान स्वतः हबशी होता आणि एकेकाळी स्वतःही गुलामच होता, ही गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे. त्याच्याजवळ हजारभर हबशी गुलाम होते. त्या हजारांतलाच अंबर हा एक. मात्र येथे त्याला राज्यकारभार जवळून पाहता आला. फौज कशी उभारतात, वसूल कसा गोळा होतो, दरबारात कोण कोणाच्या विरुद्ध असतो, हे सारे तो धन्याच्या सावलीत उभा राहून शिकला. १५७४-७५ च्या सुमारास चंगेजखान मरण पावला आणि त्याच्या विधवेने अंबरला गुलामगिरीतून मुक्त केले.

एका बाईच्या शब्दाने तो मालमत्तेचा माणूस झाला. ही गोष्ट किती साधी आणि किती मोठी आहे पाहा! काल ज्याला विकता येत होते, त्याला आज लग्न करता येते, घोडा ठेवता येतो, मनास येईल त्या धन्याची चाकरी करता येते. मुक्त झालेला अंबर शिलेदार म्हणून हिंडला. काही काळ विजापूरच्या आदिलशाहीत राहिला. तेथेच त्याला मलिक ही पदवी मिळाली. परंतु पगारावरून आणि मानावरून खटके उडाले, तेव्हा तो आपले दीडशे घोडेस्वार घेऊन १५९५ च्या सुमारास निजामशाहीत परतला आणि अभंगखान या हबशी सरदाराच्या बाजूला उभा राहिला.

तो काळ मोठा धामधुमीचा होता. अकबराच्या फौजा दख्खनवर तुटून पडल्या होत्या. चांदबिबीने अहमदनगरचा किल्ला १५९६ पर्यंत लढविला, पण वऱ्हाड सोडून द्यावा लागला. १६०० मध्ये चांदबिबी मारली गेली, किल्ला पडला, राजा कैद झाला. निजामशाही संपली असे सर्वांनी धरले. खानदानी सरदार नव्या धन्याचा दरवाजा शोधू लागले. अशा वेळी हा विकला गेलेला माणूस पुढे झाला. त्याने निजामशाही घराण्यातील एका मुलाला परांड्याच्या किल्ल्यात दुसरा मुर्तजा निजामशहा म्हणून गादीवर बसविले, आपली मुलगी त्याला दिली आणि राज्याचा कारभार स्वतःच्या हाती घेतला. दीडशे स्वारांचे हजारो झाले. १६०२ मध्ये नांदेडजवळच्या लढाईत तो जबर जखमी झाला. त्याच्या माणसांनी त्याला रणातून उचलून नेले. बरा होताच तो पुन्हा घोड्यावर बसला.

घरातलाही शत्रू होताच. राजू दख्खनी नावाच्या सरदाराकडे दौलताबादपासून गुजरातच्या हद्दीपर्यंतचा मुलूख होता. १६०७ च्या सुमारास अंबरने त्याचा पाडाव केला. राजधानी परांड्याहून जुन्नरला आणि १६१० मध्ये दौलताबादला आली. त्याच वर्षी त्याने अहमदनगरचा किल्ला मोगलांकडून परत घेतला आणि खडकी हे नवे शहर वसविण्यास सुरुवात केली.

या यशाचे रहस्य त्याच्या फौजेत होते. त्याच सुमारास हिंदुस्थानात आलेल्या विल्यम फिंच या इंग्रज व्यापाऱ्याने अंबरच्या फौजेत दहा हजार हबशी आणि चाळीस हजार दख्खनी असल्याचे लिहून ठेवले आहे. या दख्खन्यांत मराठे फार मोठ्या संख्येने होते. मोगलांच्या तोफा आणि हत्ती यांच्यासमोर उघड्या मैदानात उभे राहणे म्हणजे मरण, हे अंबरने ओळखले होते. म्हणून हलके घोडे, थोडे सामान, डोंगरदऱ्यांचा आसरा, रसद तोडणे, रात्रीचा छापा आणि दिवसा पसार होणे, ही युद्धपद्धती त्याने पद्धतशीर वाढविली. तीच आपण गनिमी कावा म्हणून ओळखतो. शहाजीराजे याच फौजेत लढले. १६२४ साली अहमदनगरजवळ भातवडीला मोगल आणि विजापूर यांच्या एकत्रित फौजा चालून आल्या. अंबरने तलावाचे पाणी सोडून शत्रूचा तळ चिखलात रुतविला आणि दोन्ही फौजांचा धुव्वा उडविला. या लढाईत शहाजीराजांचे बंधू शरीफजी यांना वीरमरण आले. परमानंदाच्या शिवभारतातही अंबरचा उल्लेख आदरानेच आला आहे. शिवरायांचे नाव घेऊन धर्माधर्मांत भांडणे लावणाऱ्यांनी हे पान एकदा उघडून पाहावे.

मलिक अंबर नुसता शिपाईगडी नव्हता. आम्हा वकिलांना तर त्याची ओळख जमीन महसुलावरून अधिक पटते. त्याच्या आधी मक्तेदारीची पद्धत होती. जो जास्त बोली लावील त्याला वसुलीचा मक्ता, आणि मग तो मक्तेदार रयतेची साल काढणार. अंबरने हा मक्ता बंद केला. जमिनीची पाहणी करविली, प्रतवारी लावली, बागायत वेगळी आणि जिरायत वेगळी धरली. अनेक वर्षांच्या पिकाची सरासरी पाहून सारा ठरविला. आधी उत्पन्नाच्या दोन पंचमांश धान्य सरकारात घेतले जाई. पुढे त्याऐवजी सुमारे एक तृतीयांश किमतीची रोकड घेण्याची रीत पडली. पीक बुडाले तर सारा कमी होई. मलिकंबरी धारा या नावाने ही व्यवस्था पुढेही ओळखली जात राहिली. आजही सात-बारा हातात घेऊन कोर्टाच्या पायऱ्या चढणाऱ्या शेतकऱ्याला, जमिनीची पाहणी आणि प्रत यांना किती महत्त्व असते, हे सांगावे लागत नाही.

आणि पाणी! खडकी वसवायची तर पाणी कोठून आणायचे? अंबरने उत्तरेकडील डोंगराळ भागातून जमिनीखालून बोगदे आणि मातीचे नळ घालून पाणी शहरात आणले. ठिकठिकाणी मनुष्य आत उतरून दुरुस्ती करील अशी तोंडे ठेवली. उताराच्या जोरावर, कोणत्याही यंत्राशिवाय, हे पाणी हौदांत आणि कारंज्यांत खेळू लागले. हीच नहर-ए-अंबरी. शतकानुशतके या नहरीने शहराची तहान भागविली.

व्हान डेन ब्रूकने त्याच्या राज्याचे वर्णन करताना लिहिले आहे की सोने घेऊन निघालेला वाटसरूही निर्धास्त प्रवास करू शके, इतका चोरांना धाक होता. परंतु याच माणसाने नोंदविले आहे की दारू पिणाऱ्याच्या घशात वितळलेले शिसे ओतण्याची शिक्षा तेथे होती. तेव्हा आम्ही या माणसाला देव करू इच्छित नाही. देव करण्याची खोड ही आमच्या चळवळीची नव्हे.

एवढे कर्तृत्व गाजविले, तरी त्याचा जन्म त्याच्या पाठीमागे होताच. त्या डच व्यापाऱ्यानेच सांगितलेली हकिकत अशी की, मुर्तजा निजामशहाच्या इराणी बेगमेने भांडणात अंबरच्या मुलीला, म्हणजे आपल्या सवतीला, गुलामाची पोर म्हणून हिणविले आणि अंबरलाही वाईट शब्द वापरले. मुलीने बापाला कळविले. त्यानंतर राजा आणि ती बेगम दोघेही विषप्रयोगाने मेले. हे १६१० चे. राजाने अंबरविरुद्ध यापूर्वीच कारस्थाने केली होती, त्यामुळे खुनामागे केवळ अपमान होता असे म्हणता येत नाही. खून तो खूनच, आणि त्याचे समर्थन आम्ही करणार नाही. पण राज्य ज्याच्या बळावर टिकले आहे, त्याच्या लेकीला राजवाड्यात तोंडावर गुलामाची पोर म्हटले जात होते, हेही नोंदवून ठेवले पाहिजे.

दिल्लीचा बादशहा जहांगीर तर याच्याही पुढे गेला. त्याने आपल्या आत्मवृत्तात अंबरचे नाव घेताना त्याच्या काळ्या रंगावरून आणि जन्मावरून शिव्या दिल्या. रणांगणात त्याची गाठ अंबरशी कधी पडलीच नाही. मग १६१६ च्या सुमारास अबुल हसन या चित्रकाराकडून त्याने एक चित्र काढून घेतले. भाल्यावर अंबरचे कापलेले शिर टांगलेले आहे आणि जहांगीर पृथ्वीच्या गोलावर उभा राहून त्याला बाण मारतो आहे! हे चित्र आज डब्लिनच्या चेस्टर बिटी संग्रहालयात आहे. साऱ्या हिंदुस्थानचा बादशहा, लाखांची फौज, आणि एका माजी गुलामाचे डोके त्याला कागदावर कापावे लागले. जिवंतपणी मोगलांना ते कधी मिळाले नाही.

अर्थात अंबर सदैव जिंकतच गेला असे नव्हे. १६१६ मध्ये जालन्याजवळ रोशनगावला त्याचा पराभव झाला आणि मोगलांनी खडकी लुटून उद्ध्वस्त केली. १६१७ मध्ये शहाजादा खुर्रम आला, तेव्हा अहमदनगरचा किल्ला आणि बालाघाटचा मुलूख सोडून द्यावा लागला. १६२० मध्ये अंबर पुन्हा उठला. १६२१ मध्ये खडकी दुसऱ्यांदा जाळली गेली. लखुजी जाधवांसारखे मोठे सरदार त्याला सोडून मोगलांकडे गेले. दोनदा शहर जळाले आणि दोनदा त्याने ते पुन्हा उभारले. मे १६२६ मध्ये, ऐंशीच्या घरात पोहोचलेला हा वृद्ध मरण पावला. जहांगीरच्याच दरबारातील इतिहासकार मुतमदखान याने मात्र त्याच्या मृत्यूची नोंद करताना शत्रूपण बाजूला ठेवून त्याच्या युद्धकौशल्याची आणि कारभाराची मुक्तकंठाने स्तुती केली.

खुलताबादला त्याची कबर आहे. बाजूलाच पत्नी बीबी करीमा हिची कबर आहे. वेरूळ तेथून हाकेच्या अंतरावर. एकेकाळी वेरूळची लेणी पाहणाऱ्यांना आमच्या नांदगाव स्टेशनवरच उतरावे लागे. आजही आमचे लोक बौद्ध लेणी पाहण्यासाठी सहली काढतात, परंतु खुलताबादच्या त्या कबरीकडे कोणाचे पाऊल वळत नाही.

आता मुख्य मुद्द्याकडे येऊ.

अंबरचे राज्य त्याच्यामागे किती टिकले? त्याचा मुलगा फत्तेखान याने १६३३ मध्ये दौलताबादचा किल्ला मोगलांच्या हवाली केला. १६३६ मध्ये निजामशाही कायमची संपली. पुढे १६५३ मध्ये खडकीचे औरंगाबाद झाले. म्हणजे दहा वर्षांत सारा डोलारा कोसळला. तो एका माणसाच्या खांद्यावर उभा होता आणि तो माणूस गेला. शिवाय अंबरने गुलामगिरी बंद केली काय? नाही. त्याच्या फौजेत हबशी गुलाम होतेच, बाजारही चालूच होता. जसा चंगेजखानाने अंबरला विकत घेतले, तसाच अंबरच्या राज्यातही माणूस विकत मिळत होता. गावगाड्याला तर त्याने हातही लावला नाही. पाटील, कुलकर्णी आपल्या जागी आणि वेशीबाहेरचा महार वेशीबाहेर. मलिकंबरी धाऱ्याने जमिनीची प्रत ठरविली, पण माणसाची प्रत मनूने ठरविली होती तशीच राहिली.

एक गुलाम राज्यकर्ता झाला म्हणजे गुलामगिरी संपली असे होत नाही. हा धडा अंबरच्या आयुष्याने आम्हाला दिला आहे, आणि तो आजही तितकाच खरा आहे.

जगात गुलाम कोणत्या मार्गांनी सुटले ते पाहा. अंबर सुटला तो दयेने. मालकिणीला वाटले आणि तिने सोडले. दुसरा मार्ग पैशाचा. ओलौदा इक्वियानो या नावाचा एक लेखक अठराव्या शतकात होऊन गेला. आपला जन्म आज जो नायजेरिया देश आहे तेथील इग्बो लोकांत झाला, असे त्याने आत्मचरित्रात लिहिले आहे. गुलाम असतानाच लहानसहान व्यापार करून त्याने पै-पै जमविली आणि १७६६ साली मालकाकडून स्वतःलाच विकत घेतले! १७८९ मध्ये छापलेल्या त्याच्या आत्मचरित्राने इंग्लंडमधील गुलामव्यापारविरोधी चळवळीला बळ दिले. तिसरा मार्ग कायद्याचा. त्याच नायजेरियातील योरुबा समाजाचा सॅम्युअल अजायी क्राउथर हा मुलगा १८२१ मध्ये पकडला जाऊन विकला गेला. परंतु १८०७ च्या कायद्याने ब्रिटिशांनी गुलामांचा व्यापार बेकायदा ठरविला होता. त्यामुळे १८२२ मध्ये ब्रिटिश आरमाराने त्याचे जहाज अडविले आणि सर्वांना मुक्त केले. हाच मुलगा १८६४ मध्ये अँग्लिकन चर्चचा पहिला आफ्रिकन बिशप झाला. अंबरला सोडले तेव्हा एक अंबर सुटला. इक्वियानोने पैसे भरले तेव्हा एक इक्वियानो सुटला. कायद्याने जहाज अडविले तेव्हा त्यातले सगळेच सुटले. दया, पैसा आणि कायदा यांतील फरक हा असा आहे.

आता या तिन्ही मार्गांसमोर आमच्या पूर्वजांना उभे करा. त्यांना कोणी विकत घेतले नव्हते, त्यामुळे मुक्त करणारा मालकच नव्हता. दया कोणी करायची? त्यांच्यावर किंमत लिहिलेली नव्हती, मग पैसे भरून सुटायचे कोणाकडून? गुलामाचे निदान खरेदीखत असते. खत असते म्हणून ते रद्दही होते. अस्पृश्याचे खत नव्हते, ते त्याच्या जन्मावर लिहिलेले होते. बाबासाहेबांनी गुलाम आणि अस्पृश्य यांची तुलना करताना नेमके हेच दाखवून दिले. रोममध्ये गुलाम शिकू शकत होता, लेखक, कारभारी होऊ शकत होता, मालकाला त्याच्या जिवाची किंमत होती. अस्पृश्यापुढे यातला एकही दरवाजा उघडा नव्हता. महात्मा फुल्यांनी १८७३ मध्ये गुलामगिरी हा ग्रंथ लिहून तो अमेरिकेतील गुलामांना मुक्त करणाऱ्या लोकांना अर्पण केला, त्यामागेही हीच वेदना होती.

कायद्याचे बघा. १८४३ च्या पाचव्या कायद्याने ब्रिटिश हिंदुस्थानात कोणतेही न्यायालय गुलामावरील मालकी मानणार नाही असे ठरले. १८६० च्या दंडसंहितेने माणसांची खरेदी-विक्री गुन्हा ठरविली. परंतु अस्पृश्यता नष्ट झाली असे कायद्याने म्हणायला २६ जानेवारी १९५० उजाडावी लागली. मध्ये १०७ वर्षे गेली! विकला जाणारा माणूस आधी सुटला, न विकलेला मागे राहिला.

१९३४ सालची दौलताबादची घटना आमच्या वाचकांना ठाऊक आहे. बाबासाहेब आपल्या सहकाऱ्यांसह नाशिकहून वेरूळ पाहण्यास निघाले होते. वाटेत दौलताबादचा किल्ला पाहण्यासाठी थांबले. रमजानचा महिना होता. दरवाजाजवळ एक हौद पाण्याने काठोकाठ भरलेला होता. प्रवासाच्या धुळीने माखलेल्या मंडळींनी तेथे हातपाय धुतले. तेवढ्यात एक वृद्ध मुसलमान ओरडत आला की यांनी हौद बाटविला. लोक जमले, शिवीगाळ झाली. शेवटी कोठेही पाण्याला शिवायचे नाही या अटीवर, बरोबर हत्यारबंद शिपाई देऊन, त्यांना किल्ला पाहू दिला. इस्लाममध्ये समतेची शिकवण असताना जातीचा विटाळ येथपर्यंत पोहोचला होता.

हाच तो किल्ला! ज्या किल्ल्यावरून आफ्रिकेतून विकत आणलेल्या माणसाने १६ वर्षे राज्य चालविले, ज्याने डोंगर पोखरून शहराला पाणी पाजले, त्याच किल्ल्याच्या पायथ्याशी, तीनशे वर्षांनंतर, कोलंबिया आणि लंडनच्या पदव्या घेतलेल्या बॅरिस्टरला हौदाच्या पाण्याला हात लावता आला नाही. अंबरला तेथपर्यंत पोहोचविणारी शिडी बाबासाहेबांच्या लोकांना नव्हती. पुढच्याच वर्षी, १३ ऑक्टोबर १९३५ रोजी, आमच्या शेजारच्या येवल्यात बाबासाहेबांनी हिंदू म्हणून मरणार नाही ही घोषणा केली. दौलताबाद आणि येवला येथील या दोन घटनांमधले अंतर केवळ नकाशावर मोजण्याचे नाही.

आमच्याच तालुक्यातील मनमाडला फेब्रुवारी १९३८ मध्ये रेल्वेतील अस्पृश्य कामगारांची परिषद झाली. तेथे बाबासाहेबांनी ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही हे कामगारांचे दोन शत्रू असल्याचे सांगितले. अस्पृश्य कामगार गँगमन म्हणून भरती होतो आणि गँगमन म्हणूनच निवृत्त होतो. पोर्टरचीही जागा त्याला मिळत नाही, कारण पोर्टर हा स्टेशनमास्तरच्या घरचेही काम करतो आणि अस्पृश्याला घरात कसे घ्यायचे, असा तो सारा हिशेब त्यांनी मांडला. विकत आणलेला हबशी शिपायाचा पेशवा झाला. न विकलेला महार गँगमनचा पोर्टर होऊ शकत नव्हता. जातीची गुलामगिरी किती भयंकर होती, हे सांगण्यासाठी याहून वेगळा पुरावा आम्हाला नको.

म्हणूनच बाबासाहेबांनी दयेची वाट पाहिली नाही. १९२८ मध्ये त्यांनी मुंबई कायदेमंडळात महार वतनाच्या जोखडातून सुटकेसाठी विधेयक आणले. त्या वतनाचा शेवट १९५८ च्या कनिष्ठ गाववतने निर्मूलन कायद्याने झाला. राज्यघटनेच्या सतराव्या कलमाने अस्पृश्यता नष्ट केली, तेविसाव्या कलमाने माणसांचा व्यापार आणि वेठबिगार बंद केली. ही दोन कलमे शेजारी ठेवून वाचावीत. एक कलम विकल्या गेलेल्या माणसासाठी आहे आणि दुसरे न विकता बांधलेल्या माणसासाठी. अंबरच्या नंतर त्याचे राज्य दहा वर्षे टिकले. ही कलमे मात्र कोणा एका माणसाच्या आयुष्यावर अवलंबून नाहीत, आणि तीच त्यांची ताकद आहे.

आज आमच्यातील एखादा मंत्री होतो, कलेक्टर होतो, न्यायाधीश होतो, तेव्हा आम्ही फटाके वाजवितो. वाजवावेतही. परंतु त्याच शहरातील गटारात उतरणारा सफाई कामगार कोणत्या समाजाचा असतो, हेही त्याच दिवशी विचारावे. हाताने मैला साफ करण्याची प्रथा १९९३ च्या आणि २०१३ च्या कायद्यांनी बंद केली, तरी गटारात गुदमरून मेलेल्यांच्या बातम्या येतच राहतात. आमच्यातला एक अंबर झाला म्हणून समाधान मानणारे चंगेजखानाच्या दरबारातच अजून उभे आहेत, असे आम्हाला वाटते.

चंगेजखान गुलाम होता आणि त्याने हजार गुलाम ठेवले. अंबर गुलाम होता आणि त्याने गुलामांचा बाजार चालू ठेवला. बाबासाहेब अस्पृश्य म्हणून जन्मले आणि त्यांनी अस्पृश्यताच कायद्याने गाडली. वर चढलेल्या प्रत्येक कार्यकर्त्याने, अधिकाऱ्याने आणि आम्ही वकिलांनीही, यांपैकी कोणाच्या वाटेने जायचे हे स्वतःशी ठरविले पाहिजे. येत्या हिवाळ्यात वेरूळची सहल निघाली, तर मुलांना खुलताबादला न्या. त्या आफ्रिकन माणसाच्या कबरीपाशी त्यांना त्याची हकिकत सांगा, आणि परतताना दौलताबादच्या हौदाचीही सांगा. दोन्ही एकाच दिवशी सांगितल्या तरच त्यांना राज्यघटनेची किंमत कळेल. जय भीम!